दहावीतला बाप्या

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पाऊस पडायच्या आधी फ्लेक्स पडतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ह्या दोनच जिल्ह्यांचं आमचं कोकण बोर्ड राज्यात पुढे असतं, ही आता जुनी बातमी झाली. 2024 साली राज्याचा निकाल 95.81 टक्के लागला आणि आमचा 99.01. कुंभारमाठाकडून भरडावर येईपर्यंत मी बसच्या खिडकीतून मोजत आलो, तीन ठिकाणी 'शंभर टक्के निकालाची परंपरा कायम' असं लिहिलेलं होतं. खाली मुलांचे फोटो, वर पुढाऱ्यांचे फोटो, पुढाऱ्यांचे थोडे मोठे. मला अभिमान वाटत नाही असं नाही. आमच्या लहानपणी वाडीत दहावी पास माणूस शोधावा लागत होता, आता नापास शोधावा लागतो. पण त्याच जून महिन्यात, त्याच फ्लेक्सखालून, मी एका मुलाला घेऊन एका हायस्कुलात गेलो आणि अर्ध्या तासात त्याला घेऊन परत आलो. तेव्हापासून हा शंभर टक्क्यांचा आकडा माझ्या डोळ्यात कुसळासारखा सलतोय.

मुलगा आमच्या वाडीतला. सतरा वर्षांचा. 2020 साली लॉकडाऊन लागला तेव्हा सातवीत होता. मोबाईलवर शाळा सुरू झाली आणि ह्याच्या घरात मोबाईल एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप होडीवर. शिवाय आमच्या वाडीत रेंज म्हणजे काय, तर वरच्या सड्यावर काजीच्या झाडाखाली उभं राहिलं तर मिळते, तीही वारा नसला तर. पोर कागदावर आठवीत गेलं, कागदावरच नववीत गेलं. शाळा उघडल्या तोपर्यंत तो दांडीच्या किनाऱ्यावर वॉटर स्पोर्ट्सच्या होडीत पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधायला लागला होता. दिवसाचे रोख पैसे मिळत होते. कोणी त्याला शोधत आलं नाही. 2021 साली तर दहावीची परीक्षाच झाली नाही, मागच्या गुणांवरून निकाल लावला, आणि आमचं कोकण बोर्ड शंभराला शंभर आलं. त्या वर्षी शंभर टक्के पास झालेल्या कोकणात किती पोरं होड्यांवर, चिरेखाणीत आणि हॉटेलच्या मोरीत होती ते कुठल्याही फ्लेक्सवर आलं नाही.

मे महिन्याच्या शेवटाला बंदर खातं प्रवासी होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स बंद करतं, ते ऑगस्टअखेरपर्यंत. मासेमारी जून-जुलै बंद. म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची तरणी पोरं पावसाळ्यात रिकामी असतात, नेमकी शाळा सुरू होते तेव्हा. ह्या पोराने पडवीत बसून जाळ्यांची डागडुजी करता करता आईला सांगितलं, मला शाळेत जायचंय. ती बाई माझ्याकडे आली. "काकानू, ह्याका परत शाळेत घालूचो आसा. तुमी येशात?" मी म्हटलं, येतो. माझ्याकडे का आली, ते पुढे सांगतो.

हायस्कूलचं नाव घेत नाही. नाव घेऊन उपयोग नाही, दुसऱ्या शाळेतही हेच झालं असतं. हेडमास्तर भले गृहस्थ, त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "काका, तुमची कळकळ कळते. पण वय बघा. नववीतली मुलं चौदाची. हा मिसरूड फुटलेला. वर्गात मुली आहेत, पालक तक्रार करतील." क्लार्क म्हणाले, पोर्टलवर अडचण येईल. मी विचारलं, कुठल्या जी.आर.मध्ये लिहिलंय की सतरा वर्षांच्या मुलाला नववीत घ्यायचं नाही? जी.आर. कोणी दाखवला नाही. मग हेडमास्तरांनी खरं कारण हळू आवाजात सांगितलं. "चार वर्षांचा खंड पडलेला मुलगा. दहावीला हा आपला निकाल खाली आणील. त्यापेक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरा ना. बाहेरून बसू दे." पोराने चहा अर्धाच प्यायला होता. उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

आता माझ्याकडे ती बाई का आली ते सांगतो. कारण वाडीतल्या जुन्या माणसांना माहीत आहे की मी स्वतः अठराव्या वर्षी दहावीच्या वर्गात जाऊन बसलो होतो.

आम्ही नववीत होतो तेव्हा राज्यात पहिली दहावीची परीक्षा झाली, 1975 साली. त्याच साली जुन्या अकरावीचीही शेवटची. आमच्या सरांना त्या नव्या दहावीचं मोठं कौतुक. त्याच मे महिन्यात बाबा आंबा काढताना झाडावरून पडले आणि कमरेत अधू झाले. मी थोरला, पंधरा वर्षांचा. जोत धरायला दुसरा कोणी नव्हता. शाळा सुटली, त्याचं दुःखसुद्धा करायला वेळ मिळाला नाही, कारण मिरग दारात होता. तीन वर्षं मी नांगर धरला. भात, नाचणी, उन्हाळ्यात कुळीथ, वरच्या अंगाला काजी. बाबा पडवीत बसून सांगायचे, मी करायचो. 1978 साली ते काठी घेऊन मेरेवर येऊन उभे राहायला लागले, आणि धाकटा भाऊ नववी पास होऊन दहावीत गेला.

त्या सुमारास आमच्या गावचा एक जण एस.टी.त कंडक्टर लागला. खाकी कपडे, गळ्यात पिशवी, महिन्याच्या महिन्याला पगार. मी चौकशी केली. दहावी पास लागते म्हणाला. एवढंच कारण. ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती. पुढे सभांमधून लोकांनी माझी ओळख करून देताना ती तहान मला चिकटवली, तिला मी नाही म्हणत नाही, पण मला हवी होती कंडक्टरची पिशवी.

आई म्हणाली, "जातलंस तर जा, पण लावणी आटपून जा." लावणी आटपायला जुलै निम्मा गेला. मी चिखलाचे पाय धुऊन तासभर चालत मालवणात गेलो आणि जुन्या हायस्कुलाच्या हेडमास्तरांसमोर उभा राहिलो. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. वय विचारलं, मी सांगितलं अठरा. जुना दाखला शोधून आणायला लावला. मग म्हणाले, "शेवटच्या बाकावर बस. भिंतीला टेकून. म्हणजे कोणाच्या आड येणार नाहीस." आणि सही केली. त्यांच्याही शाळेचा निकाल होताच की. तोही वर्तमानपत्रात यायचा, गावात चर्चा व्हायची. पण त्या माणसाने माझ्या हाताकडे बघितलं, घट्टे पडलेले होते, आणि निकालाचा विषय काढला नाही. त्या सहीला लागलं असेल अर्धं मिनिट.

पुढचं वर्ष मात्र अर्ध्या मिनिटाचं नव्हतं.

शाळेचा गणवेश म्हणजे पांढरा शर्ट आणि खाकी हाफ चड्डी. माझ्या पायांवर केस, मांड्या नांगरामागे चालून झालेल्या. पहिल्या दिवशी मी हाफ चड्डीत वर्गाच्या दारात उभा राहिलो आणि मागल्या बाकांवरून आवाज आला, "बाप्यो इलो रे!" बाप्या म्हणजे आमच्याकडे घरचा कर्ता पुरुष. तेच माझं नाव पडलं. शिक्षकांच्या तोंडीही दोन महिन्यांनी तेच यायला लागलं, हजेरी सोडून. हेडमास्तरांनी चौथ्या दिवशी बोलावून सांगितलं, तू लेंगा घाल. त्यांचा हेतू चांगला, पण सगळ्या वर्गात एक लेंगा म्हणजे आणखीच उठून दिसणं. एका सरांना भारी विनोद सुचायचे. "तुझ्या वयाचे लोक पोरांना घेऊन शाळेत येतात, तू स्वतःला घेऊन आलास." वर्ग हसायचा. मीही हसायचो. न हसून काय करता?

हे सगळं मी सोसलं असतं, सोसलंच. पण वर्गात पुढून तिसऱ्या बाकावर माझा धाकटा भाऊ होता. शाळेत जायच्या आदल्या रात्री त्याने मला गोठ्याकडे नेऊन सांगितलं होतं, "दादा, शाळेत माका हाक मारू नको हां." मी म्हटलं, नाही मारणार. आणि नाही मारली. सकाळी आम्ही घरातून बरोबर निघायचो, कुंभारमाठापर्यंत बोलत यायचो, तिथून तो पुढे झपझप चालायला लागायचा. मी मुद्दाम बिडी पेटवून मागे राहायचो. वर्गात पोरं "बाप्यो, बाप्यो" करून ओरडायची तेव्हा तो खिडकीबाहेर बघायचा. एकदा त्यांच्यात त्यानेही मला बाप्या म्हटलं. त्या रात्री जेवताना आईने विचारलं, दोघे गप्प का?

ज्यांना वाटतं की मोठ्याने लहानात बसणं म्हणजे नुसती गंमत, त्यांच्यासाठी हे लिहिलं. लाज ही काय चीज आहे ते मला विचारा. त्या लाजेवर शिक्षणखातं चालवू पाहणारे लोक मला म्हणूनच कळत नाहीत.

त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं. 2009 सालच्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असं ठरवलं होतं. लोकांना ते पटलं नाही, पोरं डोक्यावर बसली म्हणाले. 2019 साली संसदेने कायदा बदलला आणि पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन पोराला त्याच वर्गात ठेवायची मुभा राज्यांना दिली. आपल्या राज्याने 2023 साली तसा नियम केला. दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा, तिच्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात. ह्याच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणं मी गावच्या देवळात, एस.टी.त आणि एकदा तर एका शिक्षकांच्याच मेळाव्यात ऐकलं आहे. "लहान पोरांत बसला की लाज वाटेल आणि अभ्यास करील." म्हणजे दहा वर्षांच्या पोराला नऊ वर्षांच्या पोरांत बसवायची लाज हे औषध.

आणि तीच माणसं, सतरा वर्षांचा पोर आपल्या पायांनी येऊन म्हणतो, मला लाज वाटत नाही, मला चौदा वर्षांच्या पोरांत बसवा, तेव्हा म्हणतात, छे छे, वय बसत नाही! ज्याला नको आहे त्याला लहानांत बसवणार आणि ज्याला हवंय त्याला हाकलणार. ह्याला कुठलं शास्त्र म्हणायचं? मला दहावीपर्यंतचं शास्त्र येतं, त्यात तरी हे नव्हतं.

आपण होऊन बसणं आणि दुसऱ्याने बसवणं ह्यात केवढा फरक आहे ते मला त्या वर्षी कळलं, कारण आमच्या वर्गात दोघे नापास होऊन बसवलेलेही होते. माझ्यापेक्षा लहान, सोळा-सतराचे. त्यांना कोणी बाप्या म्हणत नव्हतं, पण ते दिवसभर डेस्कवर करकटकाने खरवडत बसायचे. दिवाळीनंतर दोघे दिसले नाहीत. मी टिकलो तो हुशार म्हणून नव्हे. मला कोणी बसवलं नव्हतं, एवढंच.

आता मुलींच्या पालकांचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही, मलाही दोन मुली आहेत. सतरा-अठराचा पोर चौदाच्या पोरींच्या वर्गात, काळजी वाटणारच. माझ्यापासून वर्गाला काही धोका नव्हता असंही मी छातीठोक सांगत नाही. मी बिडी ओढायचो. दोन पोरं एकदा मधल्या सुट्टीत मागे येऊन म्हणाली, एक झुरका दे. मी दिला नाही, पण ती मागायला आली ती मला बघूनच. सरांना कळलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की बिडी घरी ठेवून यायची, नाहीतर यायचं नाही. मी घरी ठेवून यायला लागलो. हा झाला उपाय. मोठ्या पोराला मोठ्यासारखं सांगितलं तर तो ऐकतो. आणि काळजीच करायची तर तोच सतरा वर्षांचा पोर शाळेत असताना जास्त करायची की शाळेबाहेर नाक्यावर मोटरसायकल लावून बसतो तेव्हा? आज तो पोरींच्या वाटेवरच असतो, फक्त हजेरीपटावर नसतो.

आणि लहान मुलांचं नुकसानच होतं हे तर मी मान्यच करणार नाही. गणिताच्या तासाला व्याज आलं. सरांनी फळ्यावर लिहिलं, द.सा.द.शे. पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. सरांनी विचारलं, महिना शेकडा दोन रुपये म्हणजे दरसाल किती? मी शेवटच्या बाकावरून म्हटलं, चोवीस. "कसं काढलंस?" काढायचं काय? बाबांच्या औषधाला बाजारातल्या सावकाराकडून त्याच दराने आणले होते, आणि तीन वर्षं फेडत होतो. सरांनी मला उठवून सगळं सांगायला लावलं. मुद्दल किती, दर सहा महिन्यांनी किती दिले, मुद्दल का कमी होत नाही. मी सांगत होतो आणि सर फळ्यावर मांडत होते. त्या दिवशी कोणी हसलं नाही. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराचा मुलगा होता, चौदा वर्षांचा, चष्मेवाला, तो सुट्टीत माझ्याकडे आला आणि म्हणाला, आमचे बाबा पण असंच व्याज लावतात काय रे? त्याच पोराने मला वर्षभर इंग्रजी शिकवलं. मी त्याला करवंदं, ओले काजू, रातांबे आणून देई, तो स्पेलिंगं पाठ करून घेई. चुकलं की माझ्यासारख्या दांडग्याच्या हातावर पट्टी मारायचा, हलकेच, आणि घाबरून माझ्या तोंडाकडे बघायचा.

सहामाहीला गणितात मी पास आणि इंग्रजीत बावीस. भावाला इंग्रजीत एकसष्ट. त्या रात्री कंदिलाजवळ मी पुस्तक उघडून बसलो होतो, तो आला, काही न बोलता समोर बसला आणि माझं पुस्तक आपल्याकडे ओढलं. तेव्हापासून मार्चपर्यंत रोज रात्री. शाळेत अनोळखी, घरी मास्तर. सकाळी कुंभारमाठाला पोचलो की पुन्हा तो पुढे, मी मागे. ह्यावर आम्ही दोघे कधीच बोललो नाही. तो पुढे मुंबईला गेला, चांगली नोकरी केली, आता डोंबिवलीला असतो. हा विषय निघाला की अजून फोनवर पावसाचं विचारायला लागतो.

1979 च्या मार्चमध्ये परीक्षा दिली. 46 टक्के मिळाले, इंग्रजीत 36. शाळेचा निकाल माझ्यामुळे खाली आला नाही, वरही गेला नाही. कंडक्टर मी झालो नाही. दोनदा अर्ज केला, बोलावणं आलं नाही. मग विचाराल, उपयोग काय झाला? 1990 साली रोजगार हमीतून फळबागेची योजना आली. त्या योजनेने कोकणचे सडे हिरवे केले, हे आज कोणीही डोळ्यांनी बघू शकतं. पण आधी अर्ज होते, सातबारा होता, आठ-अ होता, सामायिकातली संमतीपत्रं होती. आमच्या वाडीतले लोक तालुक्याला जाऊन कागद न कळून परत येत. माझ्या पडवीत बसून मी किती अर्ज लिहिले त्याची गणती नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या काजूच्या कलमांची माहितीपत्रकं मी मोठ्याने वाचून दाखवायचो. आज आमच्या वाडीच्या सड्यावर जी वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 उभी आहेत त्यांतल्या बऱ्याचशा झाडांचा पहिला अर्ज माझ्या अक्षरात आहे. हे सगळं नववी पासला आलं नसतं काय? वाचता आलं असतं. पण साहेबाच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसायचं धाडस आलं नसतं. ते मला शेवटच्या बाकावर बसून आलं.

माझं सोडा, मी शेतकरी. आमच्याच कोकणातले धोंडो केशव कर्वे घ्या. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे. मुलगे असताना सहावीच्या परीक्षेसाठी ते चालत घाट चढून साताऱ्याला गेले, आणि तिथल्या परीक्षकांनी, तू वयाने लहान दिसतोस, म्हणून परत पाठवलं. तेव्हाही वयच आड आलं, फक्त उलट्या बाजूने. हा माणूस मॅट्रिक झाला 1881 साली, म्हणजे तेवीस वर्षांचा असताना. आज कुठल्या हायस्कुलाने तेवीस वर्षांच्या मुलाला दहावीत घेतलं असतं? सतरा नंबरचा फॉर्म दिला असता हातात. त्यांच्या दुसऱ्या पत्नी, बाया कर्वे, त्याही कोकणातल्याच, बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात 1889 साली त्या गेल्या तेव्हा विशी ओलांडलेल्या होत्या. ह्यांच्या नावाने आपण शाळांत जयंत्या करतो, फोटोला हार घालतो.

परक्या देशातलं सांगायचं तर केनियात किमानी मारुगे म्हणून एक म्हातारा 2004 साली पहिलीच्या वर्गात जाऊन बसला. वय 84. सरकारने प्राथमिक शिक्षण फुकट केलं तेव्हा तो म्हणाला, मग मीही येतो. त्याचं जगभर कौतुक झालं, पिक्चरही निघाला. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 साली आजीबाईंची शाळा निघाली, गुलाबी नऊवारी नेसून आज्या पाटी घेऊन बसतात. टी.व्ही.वर बघून माझे डोळे भरून आले. पण माझ्या मनात आलं ते लिहितोच. ऐंशी वर्षांची आजी पाटी घेऊन बसली की आपण टाळ्या वाजवतो, कारण तिच्याकडून आपल्याला निकाल नको असतो. सतरा वर्षांचा पोर दप्तर घेऊन आला की आपण टक्केवारी काढतो.

सतरा नंबरच्या फॉर्मवर माझा राग नाही. घर सांभाळणाऱ्या, नोकरी करणाऱ्या कितीतरी जणांना, विशेष करून बायकांना, त्याने दहावीचा दाखला मिळवून दिला. ज्याला वर्गात येणं शक्यच नाही त्याच्यासाठी तो आहे, आणि असायलाच हवा. माझा राग आहे तो दुसऱ्या गोष्टीवर. नववीत कच्चा दिसणाऱ्या मुलाच्या बापाला बोलावून, तुम्ही ह्याचं सतरा नंबरने बघा, असं गोड बोलून सांगायचं आणि पुढच्या वर्षी शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लावायचा. सगळ्या शाळा असं करतात असं मी म्हणत नाही. पण ज्यांना असं सांगितलं गेलं अशी दोन घरं मी आमच्या पंचक्रोशीत दाखवू शकतो. हे म्हणजे भात वारवताना पोचट आधीच दुसऱ्याच्या खळ्यात टाकून यायचं आणि मग सांगायचं, आमच्या भातात पोचट नाही. फॉर्म परीक्षेला बसवतो, वर्गात बसवत नाही. मला व्याजाचं गणित फळ्यावर मांडणारे सर फॉर्ममधून मिळाले नसते. तो चष्मेवाला पोर मिळाला नसता. अन् भाऊ तरी पुस्तक ओढून घ्यायला आला असता की नाही, कोण जाणे.

शिक्षण हक्काच्या कायद्यात एक चांगलं कलम आहे. शाळेत न गेलेलं किंवा मध्येच सुटलेलं मूल आलं तर त्याला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. नववीच्या दाराशी येऊन संपतो. आणि आमच्याकडची पोरं सुटतात ती बहुतेक ह्याच दाराशी, कारण त्याच वयात हाताला काम आणि खिशाला पैसा लागतो.

मुंबईत गिरणगावात रात्रशाळा होत्या. माझे एक चुलते परळला गिरणीत होते, पाळी संपवून रात्री शाळेत जायचे. ते सांगायचे, आमच्या वर्गात सगळेच बाप्ये, कोण कोणाला हसणार? कोकणच्या माणसाला पुन्हा विद्यार्थी व्हायला मुंबईला जावं लागायचं, तसं अजूनही जायला लागावं काय? आमच्या जिल्ह्यात वेगळी रात्रशाळा काढा असंही मी म्हणत नाही, कारण आहेत त्या शाळांचीच बाकं रिकामी आहेत. पट नाही म्हणून गावोगावच्या शाळा मोडकळीला आल्या, हायस्कुलातले शिक्षक अतिरिक्त ठरतात, मुलं द्या म्हणून सर लोक मे महिन्यात घरोघर फिरतात. माझ्या घरीही आले होते, नातवाला आमच्या शाळेत घाला म्हणून. मी त्यांना विचारलं, सतरा वर्षांचा एक आहे, घेता? ते हसले. त्यांना वाटलं मी मस्करी करतो.

मी मस्करी करत नव्हतो. माझं मागणं फार मोठं नाही. नववी-दहावीच्या वर्गात मागे दोन बाकं उशिरा आलेल्यांसाठी ठेवा. त्यांचा निकाल हवा तर वेगळा मोजा, तुमच्या फ्लेक्सला धक्का लावू नका. पावसाळ्यात ते रोज येतील. सप्टेंबरात होड्या सुरू झाल्या की आठवड्यातून तीन दिवस येतील, तेवढी सवलत द्या. आमच्या वेळी लावणीच्या दिवसांत सर हजेरी बघायचे नाहीत, त्याने जग बुडालं नाही.

त्या मुलाने त्या वर्षी फॉर्म भरला नाही. मी दोनदा विचारलं, तो नको म्हणाला. नारळी पौर्णिमेला बंदरावर भेटला, किल्ल्यावरचा मानाचा नारळ दर्यात सोडताना बघायला सगळं गाव लोटलं होतं. म्हणाला, "काका, परीक्षा नको, माका वर्ग होयो." मी त्याला म्हटलं, आणखी दोन शाळा आहेत. एका शाळेच्या हेडबाईंनी ऐकून घेतलंय, हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. होड्या वर ओढल्या की आम्ही जाणार आहोत. त्याची आई परवा येऊन विचारून गेली, गणवेशाचं कापड ह्याच्या अंगाला किती मीटर लागेल.